पैनगंगेच्या दोन तीरांवरील दोन नावे : लोकहितार्थ शोधपत्रकारिता आणि तिचा पुरस्कार

उमरखेड हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडील तालुक्याचे गाव. तालुक्याच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते आणि नदी ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. इंग्रजी अमदानीत ही नदी दोन राज्यव्यवस्थांमधील सीमा होती. उत्तरेस १८५३ च्या तहान्वये इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला वऱ्हाड प्रांत, दक्षिणेस निजामाचे हैद्राबाद संस्थान. पुसद तालुक्याचा हा मुलूख आरंभी वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये तो यवतमाळास जोडला गेला. आज नदीच्या दोन्ही बाजूंस एकच राज्य असले, तरी महसुली व्यवहारात ती दोन विभागांमधील सीमा राहिलीच आहे. उत्तर तीर अमरावती विभागात मोडतो, दक्षिण तीर औरंगाबाद विभागात. या दुसऱ्या विभागाचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर असे झाले.

महाराष्ट्र शासनाचे उत्कृष्ट पत्रकारितेचे वार्षिक पुरस्कार राज्य पातळीवर दिले जातात, तसे विभागवारही दिले जातात, आणि प्रत्येक विभागाच्या पुरस्कारास त्या भूमीतील एका पत्रकाराचे नाव दिलेले असते. अमरावती विभागाचा पुरस्कार लोकनायक बापूजी अणे यांच्या नावाचा, औरंगाबाद विभागाचा अनंतराव भालेराव यांच्या नावाचा. त्यामुळे उमरखेडच्या एखाद्या वार्ताहराचे काम गौरवास पात्र ठरले, तर त्यास अण्यांच्या नावाचा मान मिळेल. नदीपलीकडील हदगावच्या वार्ताहरास भालेरावांच्या नावाचा. ही दोन नावे नुसती प्रादेशिक सोय म्हणून योजलेली दिसतात. तथापि दोन्ही नावांच्या मागे जो इतिहास आहे, तो पाहिला म्हणजे लोकहितासाठी सत्याचा शोध घेणाऱ्या लेखणीस समाजाने व सत्तेने काय काय दिले, याचा एक मोठा आलेख हाती लागतो. त्यात बहुमान थोडा व उशिराचा आहे. अधिक भाग तुरुंग, दंड आणि बंदीहुकूम यांचा आहे.

प्रथम ‘पुरस्कार’ हा शब्दच पाहावा. संस्कृतातील ‘पुरस्’ म्हणजे पुढे. ‘पुरस्कृ’ म्हणजे पुढे करणे, पुढे ठेवणे, मान देणे. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ आजही नांदतात. एखाद्या मताचा पुरस्कार करणे म्हणजे त्या मताची बाजू घेऊन ते लोकांपुढे मांडणे. आणि एखाद्यास पुरस्कार देणे म्हणजे त्याचा गौरव करणे. ‘पारितोषिक’ या शब्दाची धाटणी निराळी. त्यात परितोष, म्हणजे देणाऱ्याचे समाधान, मुख्य आहे. देणारा संतुष्ट झाला म्हणून दिलेली ती वस्तू. ‘बक्षीस’ आणि ‘इनाम’ हे शब्द फारसी-अरबीतून राजदरबाराच्या वाटेने आले, आणि त्यांत दात्याची मर्जी तर उघडच आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी वृत्तपत्रे पहिल्या अर्थाने पुरस्कार करीत होती. दुसऱ्या अर्थाचा पुरस्कार त्यांना मिळावा, ही कल्पनाच त्या काळात कोणाच्या मनात आली नसती.

‘शोध’ या शब्दासही असाच दुहेरी पदर आहे. त्याचे मूळ ‘शुध्’ या धातूत, म्हणजे शुद्ध करणे यात. मराठीत शोधणे म्हणजे हुडकणे, शोध लागणे म्हणजे सापडणे, आणि धान्य किंवा औषधी द्रव्य यांचे शोधन म्हणजे त्यांतील मळ काढणे. ‘शोधपत्रकारिता’ हा समास इंग्रजी संज्ञेस पर्याय म्हणून अलीकडे रूढ झाला असला, तरी त्यात हे तिन्ही अर्थ येऊन बसतात. आणि त्यांपैकी तिसरा अर्थ विसरला गेला म्हणजे काय घडते, याचे उदाहरण मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात फार आरंभीच सापडते.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. १८४१ पासून भाऊ महाजनांचा ‘प्रभाकर’ निघू लागला आणि त्यातच १८४८ पासून लोकहितवादींची पत्रे आली. या पत्रकारितेत टीका होती, उपदेश होता, ज्ञानप्रसार होता. परंतु दडविलेली गोष्ट पुराव्यानिशी उघडकीस आणणे हा व्यवसाय अजून तिचा झालेला नव्हता. ती वळणाची जागा १८८१-८२ च्या कोल्हापूर प्रकरणात दिसते. कोल्हापूरचे अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत आहे, असा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी केला. त्यास आधार म्हणून दिवाण माधवराव बर्वे यांची म्हणून जी पत्रे पुढे करण्यात आली, ती बनावट ठरली. जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते २६ ऑक्टोबरला सुटले. आगरकरांनी या दिवसांवर पुस्तक लिहिले. सुटकेच्या वेळी लोकांनी दोघांचे जंगी स्वागत केले. लोकहिताच्या शोधास मिळालेला मराठीतील पहिला सार्वजनिक गौरव तो हाच म्हणावा लागेल. मात्र तो ज्या प्रकरणासाठी मिळाला, त्यातील कागद खोटे होते, हेही त्याच वाक्यात सांगितले पाहिजे. हेतू शुद्ध होता, पुराव्याचे शोधन मात्र झाले नव्हते.

हा धडा टिळकांच्या पुढील कामात उतरलेला दिसतो. १८८८ मध्ये कमिशनर क्रॉफर्ड यांच्या लाचखोरीचे प्रकरण निघाले, तेव्हा ज्या मामलेदारांनी अभयवचनावर विसंबून साक्षी दिल्या त्यांची बाजू ‘केसरी’ने लावून धरली. आणि १८९६ च्या दुष्काळात तर त्यांनी जे केले ते शोधपत्रकारितेच्या दृष्टीने विशेष मननीय आहे. कोणताही गुप्त कागद त्यांनी मिळविला नाही. सरकारचाच दुष्काळविषयक कायदा घेतला, तो मराठीत सोपा करून शेतकऱ्यांपुढे ठेवला आणि पीक बुडाले असता साऱ्याची सूट मागणे हा हक्क आहे, याचना नव्हे, हे गावोगावच्या कार्यकर्त्यांमार्फत सांगितले. सरकारला हे इतके झोंबले की १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची सरकारदरबारची मान्यता काढून घेण्यात आली. उघड असलेला परंतु शेतकऱ्याला न कळणारा नियम त्याच्या भाषेत आणून ठेवणे, हाही शोधच होय. वऱ्हाडच्या पुढील इतिहासात याच प्रकारच्या शोधाची गरज पुन्हा भासली, म्हणून ही गोष्ट येथे थोडी विस्ताराने सांगितली.

शहरी मध्यमवर्गाबाहेर पाहिले तर दोन नावे टाळता येत नाहीत. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी काढलेले ‘दीनबंधु’ पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती आले आणि मुंबईच्या गिरणीकामगारांचे कामाचे तास, सुट्टी, मजुरी यांची दखल त्यांनी घेतली. १९१० मध्ये मुकुंदराव पाटील यांनी ‘दीनमित्र’ सुरू केले ते अहमदनगर जिल्ह्यातील एका खेड्यातून. छापखाना, संपादक, वाचक आणि विषय हे सर्व खेड्यातच, असा हा प्रयोग १९६७ पर्यंत चालला. ग्रामीण पत्रकारितेची चर्चा आज महानगरातून खेड्याकडे जाणाऱ्या पत्रकारापासून सुरू होते. अर्धशतकाहून अधिक काळ खेड्यातूनच लिहिणाऱ्या या माणसाचा तीत क्वचितच उल्लेख येतो.

आता वऱ्हाडाकडे वळावे. माधव श्रीहरी अणे यांचा जन्म १८८० चा, वणीचा. वकिली यवतमाळची. टिळकांच्या राजकारणाचे ते वऱ्हाडातील आधारस्तंभ होते. १९१८ मध्ये यवतमाळहून त्यांनी ‘लोकमत’ हे साप्ताहिक सुरू केले. नावातच भूमिका आहे. लोकहितवादींच्या पिढीत ‘लोकहित’ हा शब्द होता, म्हणजे लोकांचे हित कशात आहे हे जाणत्याने ठरवून सांगावयाचे. ‘लोकमत’ या शब्दात लोकांनाच मत असते, हे गृहीत धरले आहे. सत्तर वर्षांत ‘हित’ जाऊन ‘मत’ आले, हा बदल कोशातील दोन शब्दांच्या फरकापेक्षा मोठा आहे. राष्ट्रीय चळवळीच्या धकाधकीत हे पत्र पुढे बंद पडले. १९५२ मध्ये जवाहरलाल दर्डा यांनी त्याच नावाने ते पुन्हा काढले आणि १९७१ मध्ये नागपूरहून त्याचे दैनिक झाले.

उमरखेडच्या दृष्टीने अण्यांच्या चरित्रातील महत्त्वाचा प्रसंग मात्र वृत्तपत्राचा नाही. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळील धुंदीच्या राखीव रानात गवत कापून त्यांनी जंगल सत्याग्रह केला आणि तुरुंगवास पत्करला. मिठाचा सत्याग्रह समुद्रकाठचा; वऱ्हाडच्या माणसाला सरकारचा अंमल जाणवे तो गुराढोरांचा चारा आणि जळणाचे लाकूड यांवरील बंदीतून. स्थानिक दुःख कोणते, हे ज्याला कळले होते असा संपादक त्यात दिसतो. अमरावती विभागाच्या पुरस्कारास अण्यांचे नाव शोभते, ते मुख्यतः या कारणाने.

नदीपलीकडची कथा अधिक कठोर आहे. निजामी अंमलात वृत्तपत्र काढणे व सभा भरविणे, दोन्हींस परवानगी लागे. १९३८ मध्ये आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक सुरू केले ते संस्थानच्या हद्दीबाहेरून. संस्थानात त्यावर बंदी आली की नाव बदलून ते पुन्हा निघे. अंक नदी ओलांडून चोरून जात, आणि आतील बातमी तशीच बाहेर येई. १९४७-४८ मध्ये हैद्राबाद मुक्तिसंग्राम पेटला, तेव्हा सरहद्दीलगत स्वातंत्र्यसैनिकांच्या ज्या छावण्या उभ्या राहिल्या, त्यांत उमरखेडचीही छावणी होती. ज्या गावाच्या वाट्याला इतर वेळी तालुक्याच्या ठिकाणाएवढेच महत्त्व येते, ते गाव त्या तेरा महिन्यांत एका बंद संस्थानाची खिडकी झाले होते. रझाकारांच्या अत्याचारांची हकीकत निर्वासितांच्या तोंडून प्रथम अशाच सीमावर्ती गावांत ऐकली गेली. बातमी तपासून घेण्याची साधने त्या वेळी जवळजवळ नव्हती. निर्वासितांची गर्दी हाच पुरावा.

अनंत भालेराव या लढ्यातील कार्यकर्ते. पुढे औरंगाबादहून निघणाऱ्या ‘मराठवाडा’चे ते संपादक झाले आणि विकासापासून दूर राहिलेल्या आपल्या प्रदेशाची बाजू त्यांनी दीर्घ काळ मांडली. १९७५ च्या आणीबाणीत त्यांना तुरुंगात जावे लागले. निजामाविरुद्ध लढलेल्या माणसाला स्वतंत्र भारताच्या शासनानेही स्थानबद्ध केले, ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत बोलकी गोष्ट होय. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा त्यांचा ग्रंथ आजही या विषयाच्या अभ्यासकास टाळता येत नाही. १९९१ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या नावाने शासन पुरस्कार देते, तसाच एक स्मृती पुरस्कार त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानामार्फत दिला जातो. म्हणजे एकाच नावाचे दोन मान, एक सत्तेकडून येणारा आणि एक सत्तेबाहेरून. कोकण विभागाचा शासकीय पुरस्कार ‘काळ’कर्त्या शि. म. परांजप्यांच्या नावाचा आहे. राजद्रोहाच्या आरोपाखाली १९०८ मध्ये तेही तुरुंगात गेले होते. राज्याचा जीवनगौरव टिळकांच्या नावाचा. शासनाने आपल्या मानचिन्हांसाठी निवडलेल्या नावांपैकी इतकी नावे तुरुंगाचा अनुभव घेतलेल्यांची असावीत, यात विरोधाभास आहे. परंतु दांभिकपणाच आहे असे म्हणता येत नाही. मृत बंडखोराचा गौरव करणे हा जगातील सर्वच सत्तांचा जुना परिपाठ आहे. प्रश्न जिवंत माणसाचा असतो.

जगात अन्यत्र हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविण्यात आला. अमेरिकेत जोसेफ पुलित्झर या वृत्तपत्रमालकाच्या मृत्युपत्रान्वये कोलंबिया विद्यापीठाकडे निधी गेला आणि १९१७ पासून पारितोषिके सुरू झाली. त्यांतील लोकसेवेचे सुवर्णपदक व्यक्तीस न देता वृत्तपत्रास दिले जाते, आणि १९८५ पासून शोधवृत्तासाठी त्याच नावाचा स्वतंत्र विभाग आहे. ब्रिटनमध्ये पॉल फूट या पत्रकाराच्या स्मरणार्थ शोध व लोकहिताची मोहीम यांसाठीचे पारितोषिक २००५ पासून दिले जाते. भारतात रामनाथ गोएंका यांच्या नावाचे पुरस्कार त्याच सुमारास, २००६ मध्ये सुरू झाले. गोएंकांच्याच ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये ३१ ऑगस्ट १९८१ रोजी अरुण शौरी यांचा जो लेख आला, त्यातून मुंबईतील सिमेंट वाटप व देणग्या यांचे प्रकरण पुढे आले आणि उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना पद सोडावे लागले. त्याच वर्षी शौरींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या सर्वांत निवडीचे अधिकार शासनाबाहेर आहेत. तथापि मालकाच्या नावाचा पुरस्कार असला तर मालकांचे दोष शोधणाऱ्यास तो मिळेल काय, हा प्रश्न तेथेही उरतोच.

विदर्भापुरता हा प्रश्न तीव्र झाला तो कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांच्या काळात. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील एका शेतकऱ्याने पत्नी व चार मुलांसह वर्धा जिल्ह्यातील पवनारजवळ दत्तपूर येथे जीवन संपविले. महागाव हा उमरखेडला लागून असलेला तालुका. महाराष्ट्रातील पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ही घटना आता सांगितली जाते आणि २०१७ पासून दर वर्षी त्या दिवशी अन्नत्याग केला जातो. परंतु ती ‘पहिली’ ठरली ती मागाहून. १९८६ मध्ये ती एका कुटुंबाची शोकांतिका होती. ‘शेतकरी आत्महत्या’ ही संज्ञा अजून भाषेत स्थिरावली नव्हती. संज्ञा नसली की गणनाही होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात शेतकऱ्यांचा स्वतंत्र रकाना आला तो १९९५ पासून, आणि त्या वर्षापासून २०१० पर्यंत देशातील ही संख्या अडीच लाखांच्या वर गेली.

पत्रकार पी. साईनाथ यांचे काम याच रकान्याभोवती फिरते. १९९६ च्या त्यांच्या पुस्तकाने दुष्काळ आणि दारिद्र्य यांच्या वृत्तांकनाची रीत बदलली. पुढे ‘द हिंदू’साठी लिहिताना यवतमाळ व शेजारच्या जिल्ह्यांतील शेकडो घरे त्यांनी पालथी घातली. २००६ मध्ये मुंबईच्या एका वस्त्रप्रदर्शन सप्ताहास पाचशेहून अधिक अधिस्वीकृत पत्रकार हजर होते आणि विदर्भातील आत्महत्यांसाठी बाहेरून आलेले जेमतेम सहा, ही तुलना त्यांनीच केली. प्रदर्शनातील वस्त्रे सुती होती.

या वृत्तांकनाचा गाभा भाषेत आहे, हे मात्र अद्याप पुरेसे ध्यानात घेतले गेलेले नाही. २३ जानेवारी २००६ च्या शासननिर्णयाने मृताच्या कुटुंबास एक लाख रुपयांचे साहाय्य ठरले; त्यांपैकी तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपाने. त्यास अटी होत्या. जमीन मृताच्या किंवा कुटुंबातील व्यक्तीच्या नावे हवी, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे अथवा परवानाधारक सावकाराचे हवे, आणि नापिकी, कर्जबाजारीपणा व वसुलीचा तगादा हे कारण सिद्ध व्हावे. या अटींत बसणारे प्रकरण ‘पात्र’, न बसणारे ‘अपात्र’. आरंभी हे विशेषण साहाय्याच्या मागणीस लागत होते : ‘मदतीस पात्र प्रकरण’. कचेरीच्या बोलण्यात मधला शब्द गळाला आणि विशेषण मृत्यूस जाऊन चिकटले. ‘पात्र आत्महत्या’ आणि ‘अपात्र आत्महत्या’ असे शब्दप्रयोग तहसिलीच्या तक्त्यांत, तेथून वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आणि अखेर गावकऱ्यांच्या तोंडी आले. ‘आमचं प्रकरण अपात्र झालं’ असे विधवा सांगते, तेव्हा व्याकरणदृष्ट्या तिच्या पतीच्या मरणावरच निकाल दिलेला असतो. संस्कृतात पात्र म्हणजे भांडे, आणि लक्षणेने दान घेण्यास योग्य माणूस. देणाऱ्याने घेणाऱ्याची योग्यता तपासावी, हा त्या शब्दाचा मूळ संस्कारच येथे काम करतो.

शोध लागतो तो येथे. ज्या स्त्रीने आयुष्यभर शेतात राबून विष घेतले तिच्या नावे सातबारा नसला, तर रकान्यात ती शेतकरी ठरणे अवघड. ज्याने गावच्या बिनपरवाना सावकाराकडून किंवा कृषिकेंद्राकडून उधार घेतले, त्याचे कर्ज कागदावर कर्जच नव्हे. ज्याची जमीन बापाच्या नावे आणि कर्ज स्वतःच्या नावे, त्याची गाठ कोणत्या रकान्यात सोडवावी यावर कारकुनाचे एकमत होईना. साईनाथ आणि त्यांच्या बरोबरीने विदर्भात हिंडणारे जयदीप हर्डीकर यांच्यासारखे पत्रकार यांनी अशी घरे एकेक करून पाहिली आणि ‘अपात्र’ ठरलेल्यांची संख्या का वाढते आहे, हे दाखवून दिले. आकडे गुप्त नव्हते. ते सरकारी तक्त्यांतच होते. १८९६ च्या ‘केसरी’ने दुष्काळी कायदा उलगडून सांगितला, त्याच जातीचे हे काम. २०१४ पासून गुन्हे नोंद विभागाने शेतकरी व शेतमजूर असे वेगळे रकाने केले, तेव्हा शेतकऱ्यांची संख्या घटली आणि ‘इतर’ या रकान्याकडे पाहण्याची गरज पुन्हा साईनाथांनाच सांगावी लागली.

जुने शब्द वऱ्हाडच्या शेतीव्यवहारात किती चिवटपणे टिकतात, याचे एक उपकथानक येथे सांगण्याजोगे आहे. पिकाचा अंदाज पूर्वी आण्यांत करीत, म्हणून त्यास ‘आणेवारी’ म्हणत. १९५७ मध्ये दशमान नाणी आली. कागदोपत्री ‘पैसेवारी’ झाली आणि पन्नास पैशांखालील गाव टंचाईग्रस्त धरावे असा दंडक राहिला. गावकरी आजही आणेवारीच म्हणतात. ती कमी लागली की सवलती, जास्त लागली की नाही. त्यामुळे एका नजरअंदाजाच्या आकड्यावर अख्ख्या गावाचे वर्ष अवलंबून असते. हा आकडा कसा काढला जातो हे शोधून लिहिणारा तालुका वार्ताहर कोणत्याही राष्ट्रीय पुरस्काराच्या परीक्षकांपर्यंत सहसा पोहोचत नाही.

मोठ्या आवाजाचे काही परिणाम झाले, हे खरे. डिसेंबर २००५ मध्ये राज्य शासनाने १,०७५ कोटी रुपयांचे आणि पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या विदर्भ भेटीनंतर जुलै २००६ मध्ये केंद्राने सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. २००७ मध्ये साईनाथांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००९ मध्ये त्यांनी पद्मभूषण मात्र नाकारले. पत्रकार हा शासनाचा बाहेरील लेखापरीक्षक असतो. ज्याचे हिशेब तपासावयाचे त्याच्याकडून मान घेऊ नये, अशी त्यांची भूमिका. त्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या व्यवसायाचेही हिशेब तपासले. विधानसभेच्या निवडणुकीत परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांतून तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारे लेख शब्दशः सारखे कसे आले, हे त्यांनी दाखविले. एकाच मजकुरावर दोन पत्रांत दोन निरनिराळ्या लेखकांची नावे असावीत, हा पुरावा पाठचिकित्सेच्या पद्धतीचाच होता. पैसे घेऊन बातमी छापण्याच्या या प्रकाराची चौकशी वृत्तपत्र परिषदेच्या दोन सदस्यांनी केली. २०१० मध्ये परिषदेने संक्षिप्त अहवाल तेवढा प्रसिद्ध केला, पूर्ण अहवाल माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये बाहेर आला. मुख्यमंत्र्यांच्या निवडणूक खर्चासंबंधी आयोगाने बजावलेली नोटीस २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली, हेही नोंदले पाहिजे.

साईनाथांची शासकीय मानाविषयीची भूमिका तत्त्वतः स्वच्छ आहे. परंतु ती उमरखेडच्या वार्ताहरास जशीच्या तशी लागू करता येत नाही. महानगरातील नामवंत पत्रकार मान नाकारू शकतो, कारण त्याचे नाव मानाविनाही टिकते. तालुका वार्ताहराचे तर नावच छापले जात नाही. बातमीच्या माथ्यावर ‘उमरखेड, वार्ताहर’ किंवा ‘तालुका प्रतिनिधी’ एवढेच शब्द असतात. पगार बहुधा नसतो. असते ते जाहिरातींवरील अल्प दलाली, आणि जाहिराती द्यावयाच्या त्या स्थानिक पुढाऱ्यांनी, बाजार समितीने, कृषिकेंद्रांनी व शिक्षणसंस्थांनी, म्हणजे ज्यांच्याविषयी शोध घ्यावयाचा त्यांनीच. विभागीय पुरस्कारासाठी वर्षभरातील कात्रणे जोडून प्रवेशिका जिल्हा माहिती कार्यालयाकडे सादर करावयाची असते. ज्याच्या कात्रणावर नावच नाही, त्याने ते आपलेच आहे हे प्रथम सिद्ध करावे, मग गुणवत्तेचा विचार. पात्र-अपात्रतेचा तक्ता येथेही आहेच. साईनाथांनी स्वतः आपल्या पुस्तकाच्या मानधनातून ग्रामीण वार्ताहरांसाठी पारितोषिक ठेवले. राष्ट्रीय सन्मान नाकारणाऱ्या पत्रकाराने लहान वार्ताहरासाठी मात्र मान निर्माण करावा, यातून दोन पातळ्यांवरील पुरस्कारांचे प्रयोजन भिन्न आहे, ही जाणीव दिसते. वरच्या पातळीवर तो अलंकार; खालच्या पातळीवर ते एक प्रकारचे संरक्षण, कारण ज्याचे नाव जिल्ह्याबाहेर ठाऊक झाले त्यास धमकावणे किंचित अवघड होते.

किंचितच. फेब्रुवारी २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर येथे प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाविषयी लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांना वाहनाखाली चिरडून ठार करण्यात आले. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा विधिमंडळाने २०१७ मध्येच संमत केलेला होता.

२०१७ हेच वर्ष यवतमाळात आणखी एका कारणाने लक्षात राहिले. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. आरंभीच्या बातम्यांत दोष बहुतेक फवारणाऱ्यावरच येत होता : तोंडाला फडके बांधले नाही, वाऱ्याच्या दिशेने फवारले. या वेळच्या शोधाची पद्धत पूर्वीपेक्षा निराळी झाली. जिल्ह्यातील वार्ताहरांनी रुग्णालयाच्या खाटेखाटेवरून नावे गोळा केली. हर्डीकर आदींनी औषधांची मिश्रणे, वाढलेली उंच कपाशी, आणि रक्तातील विष मोजण्याच्या चाचणीची उणीव यांवर लिहिले. आणि २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधील ‘पब्लिक आय’ या संस्थेने यवतमाळच्या पोलीस नोंदी मिळवून त्यांतील शहाण्णव प्रकरणांत एका स्विस कंपनीच्या कीटकनाशकाचे नाव असल्याचे प्रसिद्ध केले. कंपनीने जबाबदारी नाकारली. मृतांच्या कुटुंबीयांच्या वतीने बाझेल येथील न्यायालयात दावा दाखल झाला. यवतमाळच्या ठाण्यांत मराठीत लिहिलेली अपघाती मृत्यूची नोंद जर्मन भाषेतील दाव्याचा आधार झाली. हवालदाराने बाटलीवरचे नाव नोंदीत लिहिले होते, म्हणून हे घडू शकले.

अणे व भालेराव यांच्या नावांचे पुरस्कार या प्रकारच्या सामूहिक शोधास कसे लागू करावयाचे, याची तरतूद विभागीय नियमांत दिसत नाही. ते एका व्यक्तीस, एका वर्षाच्या लेखनासाठी दिले जातात. पुलित्झरचे लोकसेवेचे पदक वृत्तपत्रास मिळते, त्यामागे काही विचार होता. खाटेवरून नाव टिपणारा, ते तपासणारा, आणि दूर देशी ते न्यायालयात नेणारा यांची नावे एका मानपत्रावर बसत नाहीत. यवतमाळच्या नोंदींतील पहिली नावे ज्यांनी टिपली, त्यांच्या बातम्यांवर तेव्हाही ‘जिल्हा प्रतिनिधी’ आणि ‘वार्ताहर’ असेच छापले गेले होते.